पिवळा झेंडा आधी, किनारा नंतर: ग्रेनेडा ते बेक्वे, शिडाच्या बोटीतून

दादाची बोट कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा या बेटांच्या देशात असते. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, आयुष्यभर मर्चंट नेव्हीत होता, आता टोरांटोला असतो आणि थंडीचे महिने बोटीवर काढतो. या फेब्रुवारीत वहिनीने हट्टाने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. बेत असा की ग्रेनेडाहून निघायचं, कॅरिआकू, युनियन आयलंड, टोबॅगो कीज करत बेक्वेपर्यंत जायचं आणि परत यायचं. नकाशावर बघितलं तर ही सगळी बेटं एका ओळीत आहेत, एकावरून पुढचं दिसतं, पण मधून दोन देशांची सीमा जाते. कॅरिआकू ग्रेनेडाचं, युनियनपासून पुढची सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्सची. म्हणजे तासा-दोन तासाच्या अंतरासाठी एका देशातून रीतसर बाहेर पडायचं आणि दुसऱ्यात रीतसर आत जायचं. मराठीत याबद्दल कुठेच काही सापडलं नाही म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

शनिवार-रविवार, सेंट जॉर्जेस

विमान, बुकिंग वगैरे सगळं ठीक झालं. फक्त एक गोष्ट सांगते. भारतीय पासपोर्टला ग्रेनेडात आणि सेंट व्हिन्सेंटमध्ये व्हिसा लागत नाही, पण तिथवर पोचायला बहुतेक विमानं अमेरिका, कॅनडा किंवा लंडनवरून जातात आणि तिथला व्हिसा किंवा ट्रान्झिट व्हिसा लागतो, तेव्हा आधी ते बघा.

दुसरं म्हणजे कॅप्टनचं पत्र. तुम्ही बोटीवर जाणार असाल आणि परतीचं तिकीट हातात नसेल तर एअरपोर्टवर अडवू शकतात. आमच्याकडे परतीचं तिकीट होतं तरी दादाने पत्र पाठवलं होतं, बोटीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, बोट कुठे नांगरलीय, आणि ही दोन माणसं क्रू म्हणून येतायत असं. इमिग्रेशनच्या बाईंनी ते पत्र नीट वाचलं, दादाचं नाव विचारलं आणि मगच शिक्का मारला. प्रिंट काढून न्या, फोनमध्ये दाखवत बसू नका.

आणि लष्करी छापाचे कपडे आणायचे नाहीत. टोपी, पिशवी, लहान मुलांची चड्डी, काहीही नाही. दोन्ही देशांत ते कायद्यानेच बंद आहे, तो छाप फक्त सैन्या-पोलिसांसाठी. दादाने हे व्हॉट्सॲपवर इतक्यांदा बजावलं होतं की नवऱ्याने ट्रेकिंगची आवडती टोपी पुण्यातच ठेवली.

सेंट जॉर्जेस, म्हणजे ग्रेनेडाची राजधानी, फार देखणं गाव आहे, डोंगरउतारावर लाल कौलांची घरं आणि खाली घोड्याच्या नालाच्या आकाराचं जुनं बंदर, त्याला कॅरेनाज म्हणतात. शनिवारी मार्केट स्क्वेअरला गेलो तर नाकात सगळीकडे जायफळ. या देशाच्या झेंड्यावरच जायफळ आहे. 2004 साली इव्हान वादळाने इथली बहुतेक झाडं आडवी केली, त्याआधी जायफळात इंडोनेशियाच्या खालोखाल ग्रेनेडाचं नाव होतं. झाड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे बऱ्याच जणांनी परत लावलंच नाही, असं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्यांनी एक ताजं फळ फोडून दाखवलं. आपल्याकडे कोकणात जायफळ पाहिलेल्यांना नवीन नाही, पण ओल्या बीवरची ती लालभडक जायपत्री इतकी तकतकीत असते की हात लावावासा वाटतोच.

दुपारी ऑइल डाउन खाल्लं. निरफणस, नारळाचं दूध, हळद, अळूची पानं, पिठाचे लांबट गोळे आणि खारवलेलं मांस, सगळं एका पातेल्यात दूध आटून तेल सुटेपर्यंत शिजवतात. हळदीला इथे सॅफ्रन म्हणतात. नवरा शाकाहारी, त्याच्यासाठी वहिनीने बोटीवर मांस न घालता केलं आणि ते मला जास्त आवडलं.

रात्री दादा कागद घेऊन बसला. सेलक्लिअर म्हणून एक वेबसाइट आहे, त्यावर बोटीची आणि प्रत्येक माणसाची माहिती आधीच भरायची, कुठून निघणार, कुठे पोचणार, कधी. ती भरली की नंबर मिळतो, तो ऑफिसात सांगायचा, समोर माहिती उघडते. पण तेवढ्यावर काम होत नाही, स्वतः जावंच लागतं. फाईलमध्ये मूळ पासपोर्ट, बोटीच्या रजिस्ट्रेशनचा मूळ कागद, क्रू लिस्टच्या प्रती आणि आधीच्या बंदराचा क्लिअरन्स, म्हणजे तिथून रीतसर निघाल्याचा कागद. दादा म्हणाला, "जहाजावर हे सगळं एजंट करायचा गं, इथे मीच कॅप्टन आणि मीच एजंट."

सोमवार, कॅरिआकू

पहाटे निघालो. ग्रेनेडाच्या पश्चिम किनाऱ्याने जाताना डोंगराच्या आडोशाला पाणी शांत असतं, मध्येच दरीतून वारा खाली येतो. उत्तर टोक सोडलं की अटलांटिकच्या लाटा लागतात आणि प्रवाह बोट पश्चिमेला ढकलत राहतो. नवऱ्याने गोळी आदल्या रात्रीच घेतली होती, म्हणून निभावलं. आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग नाही.

या पट्ट्यात पाण्याखाली किक 'एम जेनी नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. 2017 मध्ये त्याचा उद्रेक झाला होता. त्याच्याभोवती दीड किलोमीटरच्या आत जायला कायम बंदी असते आणि हालचाल वाढली की हे वर्तुळ मोठं करतात. कारण नुसता स्फोट नाही. तळातून वायूचे बुडबुडे वर येतात, पाण्याची घनता कमी होते आणि बोट तरंगूच शकत नाही. दादाने ते वर्तुळ चार्टवर लाल पेनने काढून ठेवलं होतं. वर पाणी इतरांसारखंच निळं, काही म्हणजे काही कळत नाही.

कॅरिआकूच्या टिरेल बेमध्ये शिरताना मात्र आम्ही गप्प झालो. 1 जुलै 2024 ला बेरिल वादळ कॅटेगरी 4 चं होऊन थेट कॅरिआकूवर आलं. मोसमात इतक्या आधी सहसा एवढी मोठी वादळं येत नाहीत, पुढे ते कॅटेगरी 5 झालं, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, आणि इतक्या लवकर त्या पातळीला गेलेलं नोंदीतलं ते पहिलंच अटलांटिक वादळ. डोंगरावर नवे पत्रे चकाकतायत, मध्येच नुसत्या भिंती. खारफुटीत बोटी सुरक्षित राहतील म्हणून लोकांनी त्या आत नेऊन बांधल्या होत्या, त्यातल्या कितीतरी एकमेकींवर चढून मोडल्या. संध्याकाळी एका काकूंकडे मासे-भात खाल्ला, त्यांच्या खानावळीला तीन बाजूंना नवीन प्लायवूड होतं आणि चौथ्या बाजूला समुद्र. त्या म्हणाल्या, या, खा, पैसे खर्च करा, आम्हाला तेच पाहिजे. लोकांना वाटतं एवढं नुकसान झालंय तर जाऊन कशाला त्रास द्यायचा. माझं मत अगदी उलट झालं. जा. फक्त पाणी, डिझेल, किराणा शक्यतो ग्रेनेडातून भरून न्या, तिथल्या तुटपुंज्या साठ्यावर भार टाकू नका, आणि जेवायला मात्र तिथेच जेवा.

मंगळवार, क्लिफ्टन, युनियन आयलंड

सकाळी टिरेल बेला ग्रेनेडाचा क्लिअरन्स घेतला, कस्टम्स आणि इमिग्रेशन दोन्ही, पासपोर्टवर बाहेर पडल्याचे शिक्के. एकदा हा कागद हातात आला की निघायचं, गावात परत फिरायचं नाही.

अंतर थोडंच, पण वारा समोरून. दादाने वाटेत ग्रेनेडाचा झेंडा उतरवला आणि उजवीकडच्या दोरीवर पिवळा झेंडा चढवला. साधा पिवळा, त्यावर काही नाही. याचा अर्थ बोटीवर सगळे निरोगी आहेत आणि आत यायची परवानगी मागतोय. तो फडकत असेपर्यंत कॅप्टनशिवाय कोणीही किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही, दुसऱ्या बोटीवर गप्पा मारायलाही जायचं नाही. थोडं पुढेच मायरो बेट आणि टोबॅगो कीज आहेत, तिथे "जरा थांबून पोहू, नंतर करू क्लिअरन्स" हे चालत नाही. आधी क्लिफ्टन, बेक्वे, किंग्सटाउन अशा ठरलेल्या एंट्री पोर्टला जायचं, मग बाकी सगळं.

क्लिफ्टनच्या बंदरात मधोमध खडकांचा पट्टा आहे. आणि एक लक्षात ठेवायची गोष्ट, मुंबईत ज्यांनी सेलिंग शिकलंय त्यांनी खास. आपल्याकडे बंदरात आत येताना लाल बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, डाव्या हाताला ठेवतात, इथे अमेरिकेसारखी पद्धत आहे, लाल उजव्या हाताला. दादा पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणत होता, "आत येताना लाल उजवीकडे, लाल उजवीकडे."

अँकर टाकायच्या आधीच एकजण छोट्या मोटरबोटीतून आला, मूरिंगची, म्हणजे तळाला पक्क्या केलेल्या बोयाची, दोरी देतो म्हणाला. यांना सगळे बोट बॉईज म्हणतात, जरी काहींचं वय साठ असलं तरी. ब्रेड, बर्फ, फळं, मासे सगळं आणून देतात. नको असेल तर हसून नमस्कार करून नको सांगा, दुर्लक्ष करू नका, ते त्यांना फार लागतं. हवं असेल तर भाव आधी ठरवा. मूरिंग घ्यायचं तर कोणीतरी पाण्यात उतरून खालची साखळी बघून या, वादळानंतर तर नक्कीच. आणि "कचरा द्या, नेऊन टाकतो" म्हणाले तर देऊ नका, तो कुठे जाईल याची खात्री नसते. आम्ही सगळा कचरा मोठ्या गावात जिथे बोटींसाठी जागा आहे तिथेच टाकला.

खरंतर फक्त दादाने जायचं होतं, पण त्याने आधी ऑफिसात विचारलं आणि मला बरोबर यायची परवानगी मिळाली. म्हणून हे डोळ्यांनी बघता आलं. दादाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, फुल पँट, पायात बूट. आमच्या पुढे एक युरोपियन गृहस्थ होते, अंगात शर्ट नाही, ओली चड्डी, कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढत थेट बोलायला लागले. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. शांतपणे म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." ते परत बोटीच्या नावावर. त्या परत, "गुड मॉर्निंग." मग त्यांना कपडे घालून यायला सांगितलं. पुढे दादा गेला, "गुड मॉर्निंग, हाऊ आर यू टुडे," मग थोडं वादळाचं, त्यांच्या घराचं छप्पर झालं का वगैरे, आणि त्यानंतरच फाईल उघडली. वीस मिनिटांत काम संपलं. इथे दुकानात, बसमध्ये, रस्त्यात कुठेही आधी गुड मॉर्निंग किंवा गुड आफ्टरनून, मग काम. आपल्या गावाकडे नाही का, कोणाच्या ओटीवर चढलं की आधी "काय, बरंय ना" होतं.

काय विचारलं ते लिहिते: शेवटचं बंदर, किती दिवस राहणार, बोटीवर शस्त्र आहे का, प्राणी आहेत का, कोणी आजारी आहे का. शस्त्र असेल तर जाहीर करायलाच लागतं. कुत्रं-मांजर असेल तर आधीच परवानगी काढावी लागते. फी बोटीच्या लांबीवर आणि माणसांवर असते, आणि शनिवार-रविवारी किंवा ऑफिसच्या वेळेनंतर गेलात तर ओव्हरटाइम लागतो. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी पोचा. पैसे रोख न्या. ईस्ट कॅरिबियन (ईसी) डॉलर दोन्ही देशांत चालतो, 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला 2.70 हा दर पक्का आहे, त्यामुळे हिशोब सोपा.

बोटीवर आल्यावर पिवळा झेंडा खाली आणि सेंट व्हिन्सेंटचा वर, निळा-पिवळा-हिरवा आणि मधे तीन हिरवे चौकोन व्ही सारखे मांडलेले. फाटका-विटका झेंडा लावू नका. वहिनीने नवीन शिवून घेतला होता.

बुधवार-गुरुवार, टोबॅगो कीज

हे शब्दांत कसं सांगायचं कळत नाही. पाच निर्मनुष्य बेटं, त्यांच्या पूर्वेला हॉर्सशू रीफ नावाची प्रवाळाची लांबलचक भिंत, आणि तिच्यापलीकडे थेट आफ्रिकेपर्यंत पाणीच पाणी. बाहेर लाटा फुटतायत, आत बोट जागची हलत नाही, वारा मात्र चोवीस तास. ऊन डोक्यावर असताना शिरा, तेव्हाच पाण्याचा रंग बघून खडक ओळखू येतात.

हे मरीन पार्क आहे. रेंजर बोटीने येऊन माणशी दिवसाची फी घेतात, मूरिंगचे वेगळे, पावती मागून घ्या. मासेमारी बंद, शंख-प्रवाळ उचलणं बंद, अँकर फक्त वाळूत. बॅराडल बेटाजवळ बोया लावून कासवांसाठी जागा राखलीय, तिथे इंजिनची डिंगी (बोटीबरोबरची छोटी होडी) न्यायची नाही, पोहतच जायचं. समुद्री गवतावर हिरवी कासवं चरत होती. एक माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, तोंडाने गवत तोडायचं, दोन-तीन घास झाले की हळूच वर यायचं, नाक बाहेर काढून एक श्वास आणि परत खाली, माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सेंट व्हिन्सेंटमध्ये 2017 पासून कासवं मारायला पूर्ण बंदी आहे, त्याआधी लोक खायचे. रेंजर दादांनी स्वतः सांगितलं की त्यांच्या वडिलांनी कासवं धरली आणि आता ते स्वतः ती राखतात.

अख्ख्या देशात परदेशी पाहुण्यांना भाल्याने मासे मारायला बंदी आहे, पार्कच्या बाहेरसुद्धा. मला हे फार पटलं. रोज एवढ्या बोटी येतात, प्रत्येकाने दोन-दोन मासे मारले तर मायरोच्या कोळ्याने काय करायचं? शेवंडं 1 मे ते 31 ऑगस्ट बंद, बाकीच्या दिवसांत स्थानिकांकडूनच घ्या. रात्री पाचांपैकी पेटी बातो बेटाच्या किनाऱ्यावर त्यांनी निखाऱ्यावर भाजून दिली, लसूण-लोणी लावून, बरोबर भाजलेली केळी आणि भात. महाग आहे. पण खा.

शुक्रवार ते सोमवार, बेक्वे आणि किंग्सटाउन

बेक्वेला जायला पूर्ण दिवस लागला, वाऱ्यावर आडवं-तिडवं करत. ॲडमिरल्टी बे मोठा निवांत उपसागर आहे, पाणी आणि डिझेलची बोट स्वतः तुमच्याकडे येते, धुण्याचे कपडे घेऊन जाणारी वेगळी. गावात लाकडाच्या छोट्या बोटी कोरणारे कारागीर आहेत, एका म्हाताऱ्या आजोबांकडे तासभर बसलो, ते फळीला हात फिरवूनच कुठे तासायचं ते ठरवायचे.

इथे अजून व्हेलची शिकार होते. आंतरराष्ट्रीय आयोगाने वर्षाला सरासरी 4 हंपबॅक व्हेलची परवानगी दिलीय, छोट्या शिडाच्या होड्या आणि हाताने फेकायचा भाला अशी जुनी रीत. कित्येक वर्षी एकही मिळत नाही. मला व्हेल मारणं आवडत नाही, तरीही त्या होड्या बघताना, त्यात किती माणसं बसतात आणि समोर किती मोठा जीव असतो हे कळल्यावर, पटकन नावं ठेवायला जीभ रेटली नाही. वाद घालायला जाऊ नका, ऐकून घ्या.

रविवारी सगळं बंद. सोमवारी फेरीने सेंट व्हिन्सेंटच्या राजधानीला, किंग्सटाउनला गेलो, तासभर लागतो. तिथली बोटॅनिकल गार्डन 1765 ची, अमेरिका खंडातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. कॅप्टन ब्लाय 1793 मध्ये ताहितीहून निरफणसाची रोपं घेऊन इथे उतरला, गुलामांना स्वस्तात खायला घालायला. त्या मूळ झाडांच्या वंशातलं एक झाड अजून उभं आहे. आपल्याकडे ज्याची कापं करतो तोच निरफणस! इथे अख्खा निखाऱ्यात काळा होईस्तोवर भाजतात, साल खरवडतात आणि तळलेल्या जॅकफिशबरोबर खातात, हे राष्ट्रीय जेवण.

बाजारात आरारूट दिसलं. आजारपणात आईने दिलेलं आरारूट आठवलं. सेंट व्हिन्सेंट एकेकाळी जगाला आरारूट पुरवायचं. विकणाऱ्या ताईंनी आम्हाला भारतातले का विचारलं आणि म्हणाल्या, माझी पणजी मद्रासहून आली होती. 1 जून 1861 ला त्रावणकोर नावाचं जहाज करारावरचे भारतीय मजूर घेऊन इथे आलं, तो दिवस अजून पाळतात. ताईंना आपली कुठलीच भाषा येत नव्हती, पण चिंचेचे साखरेत घोळलेले गोळे हातावर ठेवले आणि पैसे घेतले नाहीत.

परतीचे दिवस

बेक्वेहून थेट क्लिअरन्स घेऊन ग्रेनेडाला जाता येतं, पण मग वाटेत कुठेही थांबायचं नाही. आम्हाला मायरोला सॉल्ट व्हिसल बेमध्ये थांबायचं होतं म्हणून परत क्लिफ्टनपर्यंत आलो आणि तिथून बाहेर पडलो. त्याच अधिकारी बाई होत्या, त्यांनी दादाला छपराचं काम झालं असं आपणहून सांगितलं. मग परत पिवळा झेंडा, परत टिरेल बे, ग्रेनेडाचे शिक्के.

शेवटचं, आणि हे बऱ्याच जणांचं राहून जातं. विमानाने परत जाणार असाल तर बोटीच्या क्रू लिस्टमधून नाव रीतसर कमी करून घ्या. कॅप्टनने तुम्हाला घेऊन इमिग्रेशनला जायचं, विमानाचं तिकीट दाखवायचं. नाहीतर कागदोपत्री तुम्ही बोटीवरच राहता, आणि दादाला पुढच्या बंदरात दोन माणसं कुठे गेली याचं उत्तर द्यावं लागतं. आमचं काम सेंट जॉर्जेसला सकाळी झालं, दुपारी उरलेल्या ईसी डॉलरचं मार्केट स्क्वेअरला जायफळ घेतलं, कारण ते डॉलर पुण्यात कोणी बदलून देत नाही.